उतरलेले दार

मोटारगाडीचे वय तिच्या इंजिनावरून ओळखावे असा सर्वसाधारण समज आहे, आणि धूर ओकणे, तेल पिणे, चढावर दम टाकणे या लक्षणांकडे मालकाचे नाक व कान सदैव लागलेलेही असतात. परंतु जुन्या गाड्यांशी ज्याचा दीर्घकाळ व्यवहार झाला आहे असा जाणकार गिऱ्हाईक गाडी पाहावयास आला, की बॉनेटला हात लावण्यापूर्वी तो चालकाच्या बाजूचे दार वीतभर उघडतो, कुलपाकडील कडेखाली चार बोटे घालतो आणि ती कड हलकेच वर उचलून पाहतो. कड हाताबरोबर वर आली आणि हात सोडताच खट्कन खाली बसली, म्हणजे सांगितलेल्या किमतीतून काही हजार त्याच्या मनात तेथल्या तेथे वजा होतात.

धंद्यातली मंडळी या अवस्थेला ‘दार उतरले’ असे म्हणतात. दार एकाएकी मात्र उतरत नाही. प्रथम ते लावताना किंचित जोर लागू लागतो. मग कुलपाची जीभ समोरच्या लोखंडी पट्टीवर घासून तेथील रंग जातो आणि धातू चकाकू लागतो. पुढे दाराची खालची कड उंबरठ्याचा रंग ओरबाडू लागते. मागच्या दाराशी असलेली, कारखान्यातून येताना सरळ रेघेसारखी असलेली फट वर अरुंद आणि खाली रुंद होत जाते. आणि अखेर पावसाळ्यात रबराच्या बीडिंगला न जुमानता पाण्याची धार चालकाच्या गुडघ्यावर येते. तोपर्यंत घरातील यच्चयावत माणसांना दार उचलून लावण्याची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते, की एखाद्या पाहुण्याने ते नुसते ढकलले आणि ते लागले नाही, तर ‘तुम्हांला दार लावता येत नाही’ असा ठपका त्या बिचाऱ्यावरच ठेवला जातो.

या साऱ्या उपद्रवाचे मूळ कुलपापाशी नसते. ते कुलपापासून दार जितके रुंद तितके दूर, खांबाला टांगलेल्या दोन बिजागऱ्यांत असते. आणि दोष एका टोकाला, तर तक्रार दुसऱ्या टोकाला, अशी या व्याधीची रचना असल्यामुळेच तिच्यावर इतके चुकीचे इलाज होत आले आहेत. बिजागरी म्हणजे काय? एक पान खांबाला, दुसरे दाराला, आणि दोहोंच्या नळ्यांतून ओवलेली एक पोलादी पिन. ही पिन एका पानात घट्ट ठोकून बसवलेली असते आणि दुसऱ्या पानाने तिच्याभोवती फिरावे अशी मूळ योजना असते. फिरत्या पानाला तेल मिळत आहे तोवर ही योजना बिनतक्रार चालते. तेल मिळेनासे झाले, धूळ आणि गंज यांचा आत अंमल बसला, की पिन फिरत्या पानातच जखडते. दार तर उघडलेच पाहिजे, सबब ती ज्या पानात स्थिर राहावयाची त्याच पानात फिरू लागते, आणि तेथे ना तेलाची वाट असते ना झीज सोसण्याची कोणतीही तजवीज. तेथील गोल भोक हळूहळू लांबट होते. पिन स्वतःही कमरेत बारीक होते.

यातील भाराचा हिशेब एकदा मांडून पाहण्याजोगा आहे. दार वीस किलो वजनाचे आहे, त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ४५ सेंटिमीटरवर आहे, आणि वरच्या व खालच्या बिजागरीत ४० सेंटिमीटरांचे अंतर आहे असे समजू. नुसत्या स्वतःच्या वजनाने हे दार वरच्या पिनेला सुमारे साडेबावीस किलोच्या जोराने खांबापासून ओढते आणि खालच्या पिनेला तितक्याच जोराने खांबाकडे रेटते. आता आत बसलेला एखादा स्थूलदेही गृहस्थ उतरताना उघड्या दाराच्या टोकाला धरून उठला आणि त्याने आपल्या वजनापैकी तीस किलो जरी त्यावर टाकले, तरी नव्वद सेंटिमीटरांच्या तरफेमुळे प्रत्येक पिनेवर आणखी साडेसदुसष्ट किलोंचा बोजा येतो. झिजेचे गणितही याच तरफेचे. दोन्ही बिजागऱ्यांत प्रत्येकी एक मिलिमीटर ढिलाई झाली असेल, तर कुलपाकडचे टोक साडेचार मिलिमीटर, म्हणजे कारागिरांच्या मापाने जवळजवळ दीड सूत, खाली येते. पिनेजवळ जे डोळ्यांना दिसतही नाही, ते कुलपाजवळ दार अडवून धरते.

उतरत्या दारांचा सर्वांत मोठा संग्रह आपल्या इलाख्यात कोठे होता, असे कोणी विचारले तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींकडे बोट दाखवावे लागेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आरंभी अमेरिकी बनावटीच्या डॉज व प्लिमथ गाड्या जोडून बाहेर पडत, आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन १९५४ पासून फियाट ११०० तेथे तयार होऊ लागली. मूळ गाडी १९५३ मधली. तिला वेगळी चौकट नव्हती. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चौकट होती, आणि खांबांना केवळ छप्पर न पेलता साऱ्या गाडीचा ताठरपणा सांभाळावा लागे. जुन्या फियाटची आणखी एक खासियत साठीच्या दशकातील वाचकांना आठवत असेल: तिची पुढची दारे मागच्या बाजूला, म्हणजे मधल्या खांबाला टांगलेली असत, आणि मागची दारेही त्याच खांबाला. म्हणजे एका बाजूच्या दोन्ही दारांचा भार एकट्या मधल्या खांबावर. साडी नेसलेल्या बायकांना अशा दारातून उतरणे सोयीचे जाई हे खरे. पण धावत्या गाडीत दार निसटले तर वारा ते मिटण्याऐवजी सताड उघडी, आणि म्हणून ही तऱ्हा जगभर मागे पडली. आपल्याकडेही पुढे दारे पुढच्या खांबाला टांगली जाऊ लागली, आणि १९७४ च्या सुमारास गाडीने पद्मिनी हे नाव धारण केले तेव्हा तिचा हा संसार नव्या पद्धतीने लागलेला होता.

त्या काळात गाडी विकत घेणे हा व्यवहार कमी आणि अर्ज-विनंतीचा प्रकार अधिक होता. मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रण ठेवणारा हुकूम १९५९ मध्ये निघालेला होता. नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी असा मामला होता. आणि १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर येईपर्यंत सामान्य माणसापुढे फियाट आणि अँबेसेडर यांच्यापलीकडे फारशी निवडही नव्हती. अशा परिस्थितीत दार उतरले म्हणून गाडी बदलण्याचा विचार वेडेपणाचा ठरला असता. गाडी टिकवणे भाग होते, आणि ती टिकवणाऱ्या हातांची एक मोठी जमात त्यातूनच तयार झाली. आमच्या मते परवाना-पर्वाने या देशाला दिलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींत या जमातीची गणना केली पाहिजे, जरी त्या पर्वाच्या कर्त्यांनी तिचा विचार स्वप्नातही केलेला नव्हता. कुर्ल्यातील पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास संपले. टॅक्सींसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा लागू असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या दप्तरातून बाद झाली. दिवसभर उतारूंची दारे सोसलेल्या या गाड्या मोडीत निघताना त्यांच्या बिजागऱ्याही बाजारात आल्या. पण टॅक्सीची जुनी बिजागरी विकत घेऊन आपल्या झिजलेल्या बिजागरीच्या जागी बसवणे म्हणजे एका म्हाताऱ्याच्या जागी दुसरा म्हातारा कामाला ठेवण्यासारखे आहे. शहाणा मनुष्य आपलीच बिजागरी दुरुस्त करून घेतो.

अशी दुरुस्ती जवळून पाहावयास मिळाली ती कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. उसाचे चरक आणि पाणी उपसण्याची ऑइल इंजिने यांच्या सुट्या भागांवर ज्या वस्तीची पहिली पिढी पोसली, त्या वस्तीत ओतकामाच्या भट्ट्या आणि लेथ यांची आजही वाण नाही, आणि एखाद्या बोळातील मिस्त्रीपुढे नुसता झिजलेला नमुना ठेवला, की कागदावर रेघ न ओढता तो त्याचा जोडीदार करून देतो. गाडी १९८७ सालची पद्मिनी. मालक एका माध्यमिक शाळेतून सेवानिवृत्त झालेले गुरुजी. आणि मिस्त्री साठी ओलांडलेले, बोलण्यात काटकसरी. गुरुजी नवे कुलूप खिशात घालूनच आले होते. त्यापूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात त्यांच्या गाडीची कुलूपपट्टी खाली सरकवून दार एकदा ‘दुरुस्त’ झालेले होते, आणि वर्षभरात ते पुन्हा अडू लागले होते.

“हे कुलूप आधी घालून बघू या का?” गुरुजींनी विचारले.

“कुलपाचा काय गुन्हा हाय, सर?” मिस्त्री म्हणाले. “कुलूप हाय तितंच हाय. दारच त्येच्यापतुर येईना झालंय.”

मग त्यांनी हाताखालच्या पोराला दाराचे टोक वर-खाली करावयास सांगितले आणि स्वतः उकिडवे बसून आपला अंगठा अशा ठिकाणी टेकवला, की त्याचा अर्धा भाग बिजागरीच्या एका पानावर व अर्धा दुसऱ्यावर राहावा. दोन पाने परस्परांत हलली तर ते अंगठ्याला तत्काळ कळते. तीच क्रिया खालच्या बिजागरीवर, आणि नंतर बिजागरी व खांब यांच्या सांध्यावर. या तिसऱ्या जागेचे महत्त्व पुष्कळांना ठाऊक नसते. बिजागरी धडधाकट असूनही ती जिला आवळली आहे ती खांबातील पत्र्याची भिंत गंजली असेल, किंवा नुसते स्क्रू ढिले झाले असतील, तर दार तसेच उतरते, आणि मग पिन बदलण्याचा सारा खटाटोप व्यर्थ जातो. “वरची हालतीया. खालची जरा कमी. खांब गप हाय,” असा निकाल त्यांनी दिला, आणि गुरुजींनी नवे कुलूप मुकाट्याने पिशवीत टाकले.

या रोगावरील प्रचलित गावठी उपाय तीन. पहिला कुलूपपट्टी खाली सरकवण्याचा, जो गुरुजींच्या गाडीवर झालेलाच होता. त्याने दार लागते, परंतु झीज चालूच राहते, आणि उतरलेल्या दाराला उतरलेल्या जागीच कायम करण्याचा दाखला मिळतो. दुसरा उपाय बिजागरीच्या तोंडात लाकडी ठोकळा धरून दार जोराने मिटण्याचा. त्याने पाने वाकतात, टोक वर येते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. मात्र वरच्या व खालच्या बिजागरीचा अक्ष एका रेषेत राहत नाही, आणि दार उघडताना दोन बिजागऱ्या एकमेकींशी भांडू लागतात. नव्या गाडीचे दार आदळून पान वाकले असेल तर हा उपाय योग्यही ठरेल. झिजेवर तो लागू नाही. तिसरा उपाय पिनेला वेल्डिंगचा टाका मारण्याचा, आणि त्याविषयी मिस्त्रींनी जे उद्गार काढले ते या अंकात छापता येण्याजोगे नाहीत.

खऱ्या दुरुस्तीत पहिले काम खुणेचे. अणकुचीदार रेखणीने बिजागरीच्या पानाभोवती खांबावर बारीक रेघ मारून घेतली, म्हणजे परत बसवताना मूळ जागा हरवत नाही. त्यानंतर दार किती उघडावे याची मर्यादा सांभाळणारा पट्टा सोडवला, जॅकवर फळी आणि फळीवर जुने गोणपाट घालून त्यावर दाराची खालची कड टेकवली, आणि मग स्क्रूंकडे मोर्चा वळवला. जुन्या गाडीचे एक सुख असे, की दारात विजेची एकही तार नसते; एक दुःख असे, की इतक्या वर्षांत तिचे स्क्रू कोणीच हलवलेले नसतात. आदल्या संध्याकाळीच त्यांच्या मुळाशी रॉकेल आणि डिझेल यांचे मिश्रण सोडून ठेवलेले होते. साधा पेचकस येथे स्क्रूचे डोके खाऊन टाकतो. हातोडीचा घाव घातला की तोच घाव वळणात रूपांतरित करणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा लागतो. एक स्क्रू अखेरपर्यंत हटला नाही, तेव्हा त्याला घट्ट करण्याच्या दिशेने किंचित फिरवून मग सोडवले. गंज आधी त्या दिशेने फुटतो आणि नंतर उलट्या दिशेलाही वाट देतो.

शेगड्यात धरलेल्या बिजागरीतून सुंभ्याच्या घावांनी पिन बाहेर आली, आणि झिजेचा सारा इतिहास उजेडात पडला. पिनेची दोन्ही टोके काळी, कोरी. मधला भाग मात्र एका अंगाने चकचकीत खाल्लेला. व्हर्निअर लावला तेव्हा कोऱ्या भागापेक्षा तो पाऊण मिलिमीटर बारीक भरला. पानातील भोक उजेडाकडे धरून पाहिले, तर त्याचा लांबटपणा नुसत्या डोळ्यांनाही कळत होता, आणि तो अपेक्षेप्रमाणे भाराच्या दिशेनेच होता. त्याहून बोलका होता तेलाच्या जागेवरील थर: मूळचा रंग, त्यावर एकदा, त्यावर पुन्हा एकदा दिलेला रंग, आणि त्याखाली गडप झालेली फट. गाडी नवी दिसावी म्हणून दोनदा रंगवली गेली होती आणि प्रत्येक वेळी बिजागरीचे तोंड रंगाने बंद झाले होते.

यापुढील विचार हा या सर्व कामाचा गाभा आहे. नुसती जाड पिन करून भोकात ठोकली तर ढिलाई जाईल. परंतु पोलाद पोलादावर घासत राहील, आणि पुढच्या खेपेस पिनेबरोबर पानही जाईल. दोन धातू परस्परांवर फिरणार असतील तर त्यांपैकी झिजायचे कोणी हे कारागिराने आधी ठरवले पाहिजे. त्याने ते ठरवले नाही तर घर्षण स्वतःच ठरवते, आणि ते नेहमी महागड्या भागाची निवड करते. पान मिळणे दुर्घट, पिन त्याहून सोपी, आणि बुश तर कोणीही करून देईल असा स्वस्त. तेव्हा झीज बुशवर यावी अशी रचना करणे हेच शहाणपण. मिस्त्रींनी पानातील भोक मोठे करून गोल केले, गनमेटलचा दीड मिलिमीटर जाडीचा बुश लेथवर कातून त्यात दाबून बसवला, आणि बुशच्या आतून हाताने रीमर फिरवला. रीमर फिरवताना त्यांनी लेथ बंद केला, रेडिओही बंद केला. दाताखाली किती धातू सुटतो आहे हे त्यांना हाताने आणि कानाने एकदमच कळत असावे. दर दोन-तीन वळणांनंतर रीमर बाहेर, कचरा पुसायचा, पिन घालून पाहायची, पुन्हा रीमर आत. पिन स्वतःच्या वजनाने खाली घसरू नये, पण अंगठ्याने दाबली असता न अडखळता आत जावी, हे त्यांचे माप. आकड्यांत बोलायचे तर ही मोकळीक मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांची होते.

पिन ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाची. इंजिनातून निघालेल्या टाकाऊ व्हॉल्व्हची दांडी कातून पिन करणारेही कारागीर आहेत, आणि ती उत्तम चालते असे मिस्त्रींनी मान्य केले. गिऱ्हाईक पैसे देत असताना भंगार का घालावे, एवढाच त्यांचा आक्षेप होता. बुशसाठी पितळही चालते, पण ते लवकर खचते. धातूच्या पुडीतून दाबून केलेला, आपल्या आकारमानाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके तेल पोटात राखून ठेवणारा कांस्याचा बुश बाजारात तयार मिळतो, आणि ज्या मालकाच्या हातून तेल घातले जाण्याची शाश्वती नाही त्याला तोच द्यावा, असे माझे मत झाले आहे. त्याला रीमर मारला तर मात्र त्याची छिद्रे लिंपली जातात, आणि तो विकत घेण्याचे प्रयोजनच उरत नाही.

दार परत टांगण्याचे काम दिसते सोपे आणि खाते सर्वांत जास्त वेळ. स्क्रू प्रथम अर्धवटच आवळायचे, दार दोन-चार वेळा झुलवून वरच्या व खालच्या पिनेला आपापसांत एक रेषा शोधू द्यायची, रेखणीच्या खुणा जुळवायच्या, आणि मग क्रमाक्रमाने आवळत जायचे. फटी जुळवताना सुरुवात मागच्या दारापासून करतात. कारण मागच्या दाराच्या पाठीशी असलेला पत्रा हलवता येत नाही, पण पुढचे दार मागच्याशी आणि मडगार्ड पुढच्याशी जुळवून घेता येते. गुरुजींच्या गाडीचे मागचे दार सुदैवाने जागेवर होते. कुलूपपट्टी पूर्वीच्या दुरुस्तीत सरकवली गेली होती त्या जागी आता दाराची जीभ पट्टीच्या वरच्या कडेवर आदळू लागली. पट्टीमागे रंगाच्या कडेने तिची मूळ जागा स्पष्ट उमटलेली होती. तेथे ती परत नेली, आणि गुरुजींनी सवयीप्रमाणे दार उचलून लावले ते चौकटीवर आपटले.

“आता उचलू नगा, सर. नुसतं सोडा,” मिस्त्री म्हणाले.

तेलाविषयी त्यांची ताकीद थोडक्यात होती. घट्ट ग्रीस बाहेरून थापल्याने आत काहीच जात नाही, उलट धूळ चिकटते. महिन्यातून एकदा इंजिन तेलाचे दोन थेंब पिनेच्या डोक्यावर सोडायचे, दार दहा-पाच वेळा हलवायचे, ओघळलेले पुसायचे. आणि पुढच्या वेळी गाडी रंगवायला दिली तर रंगाऱ्याला बिजागरीवर चिकटपट्टी लावायला सांगायचे.

डाव्या बाजूचे पुढचे दारही उतरले होते, आणि हातासरशी तेही करून द्यावे अशी गुरुजींची इच्छा होती. मिस्त्रींनी अंगठा लावला, पोराने दार उचलले, आणि या खेपेस दोन पानांत काहीच हालचाल नव्हती. बिजागरीसकट खांबाचा पत्राच आत-बाहेर होत होता. पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून झिरपलेले पाणी किती पावसाळे त्या पोकळ खांबात साचत होते कोण जाणे. सांगाडा हीच चौकट असलेल्या गाडीत हे दुखणे दाराचे राहत नाही. खांब कापून, आतला कुजका भाग काढून, नवा पत्रा वेल्ड करावा लागतो, आणि त्याआधी दार टांगून चारही फटी मोजून ठेवाव्या लागतात. मिस्त्रींनी हात पुसले.

“हे माझं काम न्हवं. हे डेंटरचं हाय.”

“आणि तोवर?” गुरुजींनी विचारले.

“तवर पावण्यास्नी मागं बसवा.”